झालरबाई

९ ऑक्टोबर, मंगळवार

झाडाला डोळा आहे!

नीट लिहितो. अक्षर बिघडतंय.

मंगळवारी शेताला पाय लावायचा नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण व्हॅनिलाच्या फुलाला मंगळवार कळत नाही. ते सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्यात हाताने पराग टेकवून त्याचं लग्न लावलं नाही तर शेंग गेली. मामा म्हणतो, "शेत म्हणजे भाताचं. वेल म्हणजे शेत नव्हे. आणि तू कुठे काम करतोस? तू लग्नं लावतोस. लग्नाला मंगळवार चालतो." आई म्हणते, चालत नाही. मी दोघांचंही ऐकतो. म्हणून मागच्या वाटेने जातो.

वेल संपून रान सुरू होतं तिथे ते जाड खोडाचं झाड आहे—अर्धं वाळलेलं, शेवाळलेलं. त्याला टेकून मी काटा साफ करत होतो. फुलाचा आतला पडदा उचलायला लिंबाचाच काटा लागतो. कानापाशी काहीतरी होतं. आवाज नाही. नुसतं असणं. वळून पाहिलं तर साल. पांढुरकी, ठिपक्याठिपक्यांची, दगडफूल चढलेली साल. मग त्या सालीत एक डोळा. पिवळट, त्यात तांबड्या बारीक रेघा, मधोमध उभी फट. पापणी नाहीच!

डोळा सापडल्यावर बाकीचं हळूहळू सापडत गेलं. डोकं खाली, शेपटी वर. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब. आणि माझ्या गालापासून बोटभर दूर.

मी पळालो. काटा तिथेच राहिला. फुलं बिनलग्नाची राहिली.

ताहाफिसाका होती. म्हणजे चपट्या कुशीची पाल. हे नाव तोंडाने घ्यायचं नाही, लिहायलाही नको होतं. आता लिहिलं. खोडत नाही, खोडलेलं वाईट दिसतं.


१० ऑक्टोबर

काल भीतीने अर्धंच लिहिलं. उरलेलं लिहितो, म्हणजे झोप लागेल.

चपटी माणसाच्या छातीवर उडी मारते. चिकटली की निघत नाही. मग वस्तऱ्याने कातडीसकट सोडवावी लागते. हे सगळ्यांना माहीत आहे. आणि बाई पोटुशी असेल तर पोटातलंही जातं.

आमच्या घरात पोटुशी बाई आहे. ताई. गेल्या वर्षीचं बाळ तिच्या सासरी झालं, रडलंच नाही, त्याच दिवशी पुरलं. या वेळी सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "तुमच्याच घरी होऊ दे बाई. आमच्याकडे झालं की बोल आम्हालाच." म्हणून ताई इतक्या लवकर माहेरी आलीय, सप्टेंबरातच. रोज ओढ्याला जाते, पाला खुडते. आणि ओढ्याची वाट त्या झाडाजवळून जाते.

म्हणजे मी सांगायला हवं.

सांगितलं की जाळतील. झाडासकट.

मनात शंकेची पाल चुकचुकते म्हणतात. माझ्या मनात ही भलीमोठी, बिनआवाजाची बसलीय.


११ ऑक्टोबर

सांगितलं नाही. ताईला म्हटलं, ओढ्याच्या वाटेवर गांधीलमाशीचं पोळं आहे, वरच्या वाटेने जात जा. ती म्हणाली, "बरं." इतकंच! मी उगाच तीन प्रकारची पोळी विचार करून ठेवली होती.


१३ ऑक्टोबर

तिथेच आहे. दिवसभर हलत नाही. आज मी वेलांच्या अलीकडूनच पाहिलं. जागा ठाऊक असूनही सापडायला वेळ लागला.

तिला झालर आहे! हनुवटीखाली, कुशीला, पायांना—कातडीची फाटकी-फाटकी झालर. ती खोडावर पसरून ठेवते, म्हणून तिची सावलीच पडत नाही. सावली नाही म्हणजे कड नाही. कड नाही तर दिसणार कशी? हे मला सुचलं तेव्हा इतका आनंद झाला की हातातलं फूल चिरडलं.


१६ ऑक्टोबर, मंगळवार

मामाने हटकलं. "मंगळवार म्हटला की तुझ्या पायांना खाज सुटते. कोण आहे ती?"

"कोण?"

"असेल कुणीतरी. पलीकडच्या गावची? रंगाने कशी आहे?"

"पांढुरकी," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं!

मामा दिवसभर हसतोय. आईला सांगितलंन की तुदिसुआसाठी, म्हणजे माझ्यासाठी, आता मागणी घालायची तयारी करा.


२१ ऑक्टोबर, रविवार

मामाकडे साबुत्सी आजोबा आले होते, उसाची प्यायला. ते गावचे तांगालामेना. पितरांशी बोलायचं असलं की तेच बोलतात, लाल काठी त्यांच्याच घरात असते. त्यांच्यासमोर माझी बोबडी वळते. तरी विचारलं. नाव न घेता.

"आजोबा, ते... चपटं... ते कुणाच्या अंगावर खरंच पडलं होतं का कधी?"

"पाहिलीस का कुठे?"

"नाही नाही. असंच."

"असंच विचारणाऱ्यांतला तू नव्हेस. तुझं 'असंच'सुद्धा घरून लिहून आणलेलं असतं."

मामा खिंकाळला. आजोबांनी पेला ठेवला. म्हणाले, "माझ्या थोरल्या चुलत्याच्या छातीवर बसली होती. मी लहान होतो. चौघांनी त्याला धरला, वस्तरा चालवला. जखम चिघळली. ताप आला. गेला."

"चपटीने गेला?"

"वस्तऱ्याने गेला, शहाण्या. पण वस्तऱ्याला कुणी नाव ठेवलं नाही. तो घरातला होता."

मग म्हणाले, जुनी माणसं तिला छातीआपट म्हणायची.


२२ ऑक्टोबर

छातीआपट. दिवसभर हेच डोक्यात. मास्तर शाळेत म्हणायचे, शब्द लिहिण्याआधी उलगडून बघावा. छाती आपटणारी. पण कुणाची छाती? ते नावात नाहीच!


२५ ऑक्टोबर

नावात नाही ते आज डोळ्यांनी पाहिलं!

दिवेलागणीला, परतताना. ती जागी झाली होती. आधी जिभेने डोळा पुसला. मोठी गुलाबी जीभ, एक डोळा, मग दुसरा, जशी आई चष्मा पुसते. मग मान वळवली. पलीकडच्या बारक्या झाडावर एक झुरळ चढत होतं. चारी पाय फाकून तिने हवेत उडी घेतली आणि त्या खोडावर आपटली. थप्प! छातीवर. स्वतःच्या छातीवर!

म्हणजे ती अशीच उतरते. समोर खोड असेल तर खोडावर, माणूस असेल तर माणसावर. नाव ठेवणाऱ्याने तिची छाती म्हटली असेल आणि ऐकणाऱ्याने आपली धरली असेल. आणि एवढ्यावर वस्तरे निघाले!

मामाला सांगायला धावत गेलो. अर्थात कुणीतरी मला सांगितलं, असं म्हणून.

"वा पंडित!" मामा म्हणाला. "शाळा सोडली नसतीस तर मास्तर झाला असतास. आता फुलांना शिकव."

खरं असलं तरी मला अजून भीती वाटते. हे दोन्ही एकदम कसं असतं कळत नाही.


३ नोव्हेंबर

अंडी! खोडाच्या मुळाशी पाचोळ्यात दोन. पांढरी, गोल, लिचीच्या बीएवढी, कठीण. पाचोळा काडीने सरकवला, पाहिली, पुन्हा होता तसा घातला. पानं होती त्याच क्रमाने ठेवली.

म्हणजे ती बाई आहे. खोडाला चिकटलेली असते म्हणून इतके दिवस कळायला मार्ग नव्हता. आजपासून झालरबाई.


४ नोव्हेंबर

झालरबाई अंड्यांकडे ढुंकून पाहत नाही. घालून वर निघून गेली ती गेलीच. आमची आई ताईच्या पोटाला दिवसातून दहा वेळा हात लावून बघते. ताई वैतागते. पण मला वाटतं, कुणीतरी बघायलाच हवं. म्हणून मी बघतो. दोन्हींकडे.


९ नोव्हेंबर

काटा बोटात मोडला. उजव्या हाताची तर्जनी, मधल्या सांध्यात. फूल बिचकलं म्हणून नव्हे, मी वर खोडाकडे बघत होतो म्हणून.


११ नोव्हेंबर

बोट सुजून वांग्यासारखं झालंय. वाकलंय ते सरळ होत नाही. अक्षर बघवत नाही. मधल्या बोटाने लेखणी धरून लिहितोय. मामा म्हणतो, "आता फुलांची लग्नं कोण लावणार? भटजीच जखमी!"


१२ नोव्हेंबर

सगळं संपलं.

ताईचे यजमान झाऊवेलू दाजी आणि त्यांच्या आई आल्या. बाळंतिणीच्या शेकोटीचं लाकूड नवऱ्याने तोडायचं असतं. दाजी कुऱ्हाड घेऊन निघाले ते थेट त्या झाडाकडे. मी मागे मागे.

"दाजी, हे ओलं आहे."

"अर्धं वाळलंय. तुला दिसत नाही? शाळेत डोळे ठेवून आलास की काय?"

"दाजी, पलीकडे याहून चांगलं आहे."

"तू वह्या लिही. लाकूड मला कळतं."

पहिला घाव बसला. खोड हाललं. आणि साल उघडली! तोंड उघडलं तिने, हे एवढं, आतून लालभडक, पिकलेल्या मिरचीसारखं. आणि ओरडली. तान्ह्या मुलासारखी ओरडली. मला ठाऊक नव्हतं तिला आवाज आहे.

दाजी बैलाला शिंगाला धरून पाडतात. ते कुऱ्हाड टाकून पळाले. वाटेत एक चप्पल राहिली, ती मी आणली.

घरी आलो तर दाजी अंगणात बसून पाणी पीत होते आणि त्यांच्या आई उभ्या होत्या. "जाळा. झाडासकट. आजच्या आज." मग ताईकडे वळल्या. ताई तांदूळ निवडत होती. "तुझ्या अंगावर आली नव्हती ना कधी? खरं सांग."

"नाही," ताई म्हणाली.

"दाखव छाती."

आई चुलीपाशी होती, ती पळी घेऊनच उठली. "माझ्या अंगणात माझ्या मुलीचे कपडे कुणी उतरवणार नाही. विहीणबाई असाल तुमच्या घरी."

त्या म्हणाल्या, "पहिलं गेलं तेव्हा सोसलं. दुसरं गेलं तर मी हिला परत नेणार नाही. सांगून ठेवते."

ताई खाली मान घालून खडे काढत राहिली. तिच्या ताटात एकही खडा उरला नव्हता. मी बघत होतो.

साबुत्सी आजोबा आले म्हणून आज जाळलं नाही. म्हणाले, "ऊन उतरलं. आता उद्या."


१३ नोव्हेंबर

उद्या म्हणजे मंगळवार! हे त्या घाईत कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सासूबाई सकाळी पलिता घेऊन उभ्या राहिल्या तेव्हा आजोबा म्हणाले, "मंगळवारी रानाला आग? तुमच्याकडे चालतं का? आमच्याकडे नाही." मंगळवारा, तुझे उपकार.

दुपारी टोपली घेऊन झाडाकडे गेलो. तिला टोपलीत घ्यायचं, वर रानात दूर नेऊन सोडायचं. सोपं होतं. ती तिथेच होती, घावापासून वीतभर वर, झालर पसरून. मी टोपली पुढे केली. हात पुढे झाला नाही.

तिने मला काही केलेलं नाही. तिचं नाव कुणाच्या तरी चुकीने पडलं, हेही मला ठाऊक. तरी हात झाला नाही. हे फक्त इथे लिहितो.

आणि तिला नेलं असतं तरी अंड्यांचं काय?


१४ नोव्हेंबर

जे घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहितो, कारण मलाच खरं वाटत नाही.

आजोबांच्या घरापाशी सगळे जमले. सासूबाईंनी मागणी मांडली. दाजींनी सांगितलं काय झालं, चप्पल वगळली. मग आजोबांनी विचारलं, "झाड नक्की कोणतं? इथून दिसतं का?"

दाजी म्हणाले, "या तुदीला विचारा. हाच तिथे पडीक असतो."

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या कानांत शिट्टी वाजायला लागली. तोंडाने सांगणं शक्यच नव्हतं, म्हणून हात उचलून दाखवलं.

आणि सगळे गप्प झाले.

आधी मला कळेना. मग मी माझ्या हाताकडे पाहिलं. बोट वाकडं!

थडग्याकडे, पितरांच्या जागेकडे कुणी सरळ बोट करत नाही. बोट झडतं. बोटाचं पेर दुमडून दाखवायचं, हे आम्ही चालायच्या आधी शिकतो. आणि मी सगळ्या गावासमोर त्या झाडाकडे तसं दाखवलं होतं!

"हा पेर दुमडून का दाखवतोय?" कुणीतरी पुटपुटलं.

"आजोबा," मी म्हणालो, "बोट—"

"बोट मी बघतोय," आजोबा म्हणाले. "मी विचारतो त्याचं उत्तर दे. तुला तिथे काही दिसलं?"

"डोळा," मी म्हणालो. ते तर खरंच होतं.

बायकांनी आपापली पोरं जवळ ओढली. आजोबा काठी टेकून उठले. "तिथे कुणीतरी आहे. चपटी राखणीला बसवलीय. परवाच्या घावाची माफी मी मागेन. आजपासून ते झाड तोडायचं नाही, जाळायचं नाही, त्याला हात लावायचा नाही. त्याच्याखाली हसायचं नाही, डुकराचं मांस खाऊन जायचं नाही."

"आणि माझ्या सुनेचं काय?" सासूबाई म्हणाल्या.

"सुनेने ती वाट सोडायची."

"आणि तरीही काही झालं तर?"

आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जड होता. "झालं तर मी आहे, हा आहे, आणि ह्याचं बोट आहे."

दाजींनी लाकूड पलीकडून तोडलं.

मला वाटत होतं, तिला कुणी घाबरू नये. आता सगळे दुप्पट घाबरतात, आणि त्यानेच ती वाचली. पण मी खोटं बोललो का? बोललो तर नाहीच. बोट सुजलंय इतकंच. मग झोप का येत नाही?


१८ नोव्हेंबर

सांगून टाकायचं ठरवलं. आजोबा ओढ्यावर पाय धूत होते. मी घसा खाकरला.

त्यांनी वर न बघता विचारलं, "उतरली का सूज?"

मी तोंड उघडलं.

"लिंबाचा काटा वाईट. मध लाव त्याला." पाय पुसले, काठी घेतली. जाता जाता म्हणाले, "आणि तोंड मीट. तिच्यासारखं दिसतंय."


२ डिसेंबर

लिची पिकल्या. ताई टोपलीच्या टोपली खाते, बिया माझ्या अंगावर उडवते. पोट इतकं पुढे आलंय की बिया आपटून परत येतात, म्हणते. खूप दिवसांनी हसली.


१६ डिसेंबर

एक अंडं खचलं. आत मुंग्या.

दोनातलं एक. काही अर्थ काढायचा नाही असं ठरवलंय. दुपारपासून तेवढंच करतोय.


६ जानेवारी

सासूबाईंचा निरोप घेऊन माणूस आला. "सगळं ठीक ना?" आईने त्याला जेवू घातलं, जेवणावर पितात ते करपलेल्या भाताचं पाणी दिलं, आणि म्हणाली, "सांगा, आमच्याकडे रोजच ठीक असतं." तो गेल्यावर ओसरीवर बसून रडली.


२४ जानेवारी

वादळ येऊन गेलं. घर राहिलं, स्वयंपाकघराचं छप्पर नाही. फणस आडवा झाला. वेल अर्धे जमिनीवर.

झाडाचा शेंडा मोडलाय. खोड उभं आहे. झालरबाई नाही. चारी बाजूंनी पाहिलं. नाही.


२५ जानेवारी

नाही.


२७ जानेवारी

सापडली! माझ्या डोक्याच्या उंचीवर, जिथे मी दोन्ही दिवस पाहत होतो तिथेच! नजर तिच्यावरून किती वेळा फिरली असेल! शेपटी नाही. मुळापाशी तुटलीय. शेपटीशिवाय ती जरा वेंधळी दिसते, चुकीच्या जागी संपल्यासारखी.

मी मोठ्याने हसलो. मग आठवलं, तिथे हसायचं नाही. माफी मागितली. कुणाची ते ठाऊक नाही.


१९ फेब्रुवारी, मंगळवार

ताईला कळा सुरू झाल्या. मंगळवारीच! सासूबाई कालपासून इथे आहेत. दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. आई म्हणाली, "मंगळवारी शेतात जायचं नसतं. यायला कुणाची बंदी नाही."


२० फेब्रुवारी

सकाळी कोंबडे आरवून गेल्यावर झालं.

मी ओसरीवर होतो. मामाही. आतला ताईचा आवाज थांबला. मग सुईणीचा—"आलं, आलं." मग काहीच नाही.

रडेना.

सासूबाई बाहेर आल्या. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. बोट केव्हाच बरं झालंय, सरळ होतं. मी ते मुठीत लपवलं. मामाने माझं मनगट घट्ट धरलं. आत सुईण काहीतरी चोळत होती, पालथं थोपटत होती, शिव्या देत होती—"ये ग माकडे, ये, लोकांना छळू नकोस—" मी त्या झाडाशी मनात बोललो. काय बोललो ते लिहीत नाही.

मग रडली! बारीक, चिरकी, रागाने!

मुलगी.

सासूबाई आत धावल्या. तिला उजेडात धरलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "शी! काय कुरूप! काय घाणेरडं माकड हे! कुणाला हवं असलं ध्यान?" म्हणजे कुणाची नजर पडू नये, न्यायला कुणी येऊ नये. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, बाळाच्या कपाळावर पडत होतं, आणि त्या ते पुसत होत्या आणि शिव्या देत होत्या. मामाही आत वाकून म्हणाला, "अरेरे! थेट आमच्या तुदीवर गेलीय!"

इतकी सुंदर मुलगी मी पाहिली नाही. हे मनात म्हटलं. आता लिहिलं. खोडावं का? नको. वही कुणी वाचत नाही.


२४ फेब्रुवारी

दुसऱ्या अंड्याचं कवच फुटलंय, रिकामं आहे. बराच शोध घेतल्यावर वेलाच्या काठीवर अंगठ्याएवढा सालीचा तुकडा दिसला. त्याला दोन डोळे होते. मी श्वास टाकला तर तो पलीकडे गेला.


३ मार्च, रविवार

ताईच्या शेकोटीत लाकूड सारायला गेलो. आई बाहेर होती, बाळ झोपलेलं. राहवलं नाही, सांगून टाकलं, की चपटी मला ऑक्टोबरपासून ठाऊक होती, पोळंबिळं काही नव्हतं, मी ताईचा जीव धोक्यात घातला.

ताई विस्तवाकडे बघत होती. म्हणाली, "तुझ्या आधीपासून मला ठाऊक होती. सप्टेंबर संपताना पाल्याला गेले होते, तेव्हा बसली. इथे." आणि गळ्याखाली हात ठेवला. "ओरडले असते तर कुणीतरी वस्तरा आणला असता. म्हणून उभीच राहिले, तिची ती उतरेपर्यंत."

हातातलं लाकूड मी शेकोटीत उलटंच सारलं.

"भीतीने मेलेच होते रे," ताई म्हणाली. "पण तेव्हाच ही पोटात पहिल्यांदा हलली."